आबांचा गळा आणि शूटिंगचाचा

शूटिंगचाचा कुणाच्याही घरी गेले की यजमानाकडे बघायच्या आधी कपाटाच्या वर बघत. उंबऱ्यात चपला काढतानाच मान वर, हात कपाळाशी, डोळे बारीक. घरातल्या बायकांना वाटायचं, म्हातारा जळमटं शोधतोय. एका घरी तर सुनेने तिथल्या तिथे सुनावलं, "आवं चाचा, दिवाळीलाच झाडलंय सगळं!" चाचा शांतपणे म्हणाले, "जळमटं न्हाय बघत बाय. तुझ्या सासूचं लगीन बघतोय." आणि खरोखरच पाच मिनिटांत तिच्या सासूचं लग्न गोधड्यांच्या मागून, बंद पडलेल्या मिक्सरच्या खोक्यातून बाहेर आलं. सासूबाईंनी ती कॅसेट पदराने पुसली आणि चाचांना चहाऐवजी थेट जेवायलाच बसवलं.

आमच्या बारामती-इंदापूरकडच्या घरांतली जुनी लग्नं अशी कपाटावर राहतात. गणपतीचं मखर, जास्तीच्या उशा, आणि त्यांच्यामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट. बघायला मशीन नाही, आणि टाकून द्यायला जीव होत नाही. चाचांचा या कपाटांवर एक प्रकारचा हक्कच होता, कारण त्यातली कितीतरी लग्नं त्यांनी स्वतः खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपलेली होती.

त्यांचं नाव दस्तगीर, पण ते बहुधा रेशनकार्डालाच ठाऊक असावं. भिगवणला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. एका बाजूला मासळीची खानावळ, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्ती. दुकानात शिरलं की तळलेल्या माशांचा आणि मशीन पुसायच्या स्पिरिटचा वास एकत्र यायचा, आणि थोड्या दिवसांनी तो आवडायलाही लागायचा. लग्नात ड्रोन उडायला लागले तसं चाचांनी शूटिंग सोडलं. "आता नवरा-नवरी लग्नाच्या आदीच डोंगरावर पळत्यात. त्यांच्या मागं पळायला माजं गुडघं न्हाईत," असं ते सांगत. जुना कॅमेरा मात्र मखमली कापडाखाली झाकून ठेवलेला होता, आणि शुक्रवारी न चुकता पुसला जायचा.

मी त्यांच्याकडे गेले ती गरजेपोटी. मी माळेगावची. वडील साखर कारखान्यात होते. पुण्यात एडिटिंग शिकले, आणि सगळे परत पुण्याला जा म्हणत असताना बारामतीतच खताच्या दुकानावरची खोली घेऊन कॉम्प्युटर मांडून बसले. गजी ढोल आणि धनगरी ओव्या यांवर एक माहितीपट चालला होता. त्यातली जुनी चित्रणं शोधायची, साफ करायची आणि नीट मांडायची, हे माझं काम. दिग्दर्शक पुण्याचे. माणूस भला, पण सदा घाईत. आम्ही त्यांना पुण्याचे साहेब म्हणायचो.

त्या सगळ्या पटाचा कणा होते बिरूआबा. पळसदेवच्या अलीकडे आत वळलं की एक वस्ती आहे, तिथले हे ओवीकार. जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्याला विचारावं तो सांगायचा, "आबासारका गळा पुन्ना न्हाय झाला." आणि तो गळा कुणाकडेच नव्हता. रेडिओवर ते कधी गेले नाहीत, त्यांच्या ओव्यांची कॅसेट कुणी काढली नाही. आमच्याकडे आबांचा होता तो फक्त मतदान ओळखपत्रावरचा फोटो, आणि त्यात ते आबा आहेत की दुसरंच कुणी, यावर वस्तीतही एकमत नव्हतं. बोलणाऱ्या माणसांच्या मुलाखती कितीही घ्या, ज्याच्याबद्दल बोलताहेत त्याचा आवाजच नसेल, तर त्या पटाला अर्थ काय?

"कुटली तू?" चाचांनी पहिल्या भेटीत विचारलं.

"माळेगावची."

"कारखान्याच्या कॉलनीतली? मग तुज्या आत्याचं लगीन मीच काढलंय. वांग्याचं कालवन खारट झालतं. नवरदेव चार तांबे पानी प्याला."

मी आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "खारट कुठलं? मीठ जरा पुढं पडलं होतं."

चाचांकडे वही नव्हती, यादी नव्हती. लग्न लक्षात राहायचं ते जेवणावरून. जिलबी संपली ते लग्न, मठ्ठ्यात माशी पडली ते लग्न, व्याही रुसून न जेवता गेला ते लग्न. मी नकाशा काढून, गावं वाटून शिस्तीत शोधायचं ठरवलं होतं. चाचांनी तो नकाशा घडी करून व्हीसीआरच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. मग आम्ही माझ्या स्कूटीवरून निघायचो. चाचा मागे, मांडीवर पिशवी. कपाटं पालथी घातली. बँड सापडले, हलगी सापडली, आता आमदारकीच्या गोष्टी करणारा एक माणूस चड्डीशिवाय रडताना सापडला. आबा काही सापडेनात.

असे दीड-दोन महिने गेले. एकदा दुपारी शेजारच्या खानावळीत जेवत होतो. चाचा माशाचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावत होते. काहीतरी बिनसलं की ते असं करत. काटे संपले, तसे म्हणाले, "पोरी, एक हाय."

"काय?"

"आबाची कॅसेट. कुनाच्या कपाटावर हाय त्ये बी ठाव हाय मला. पन त्यात आबाचा गळा न्हाय."

मला आधी रागच आला. दोन महिने माझ्या स्कूटीवर बसून हा माणूस सगळ्या तालुक्याला वळसा घालून मला फिरवत होता! पण चाचांचा चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

गोष्ट अशी होती. त्या काळी लग्नाच्या कॅसेटला मिक्सिंग करायची पद्धत होती. मांडवातला खरा आवाज, पोरांची रडारड, भटजींचा खोकला, सगळं काढून टाकायचं आणि वर सिनेमातली गाणी चढवायची. हळदीला एक गाणं, वरातीला एक, पाठवणीला रडवणारं एक. ज्याच्या कॅसेटवर जास्त गाणी तो शूटिंगवाला भारी. एका बागायतदाराच्या घरी दुपारच्या पंगती चालल्या होत्या, आणि मांडवात आबांच्या ओव्या. चाचांनी आबांना चांगली दहा मिनिटं टिपलं. मग मिक्सिंगला बसल्यावर त्यावर एक नाचाचं सिनेमागीत चढवलं. वर ढोलाच्या पानावर, म्हणजे त्याच्या कातड्यावर, कमळ उमलवून त्यात नवरदेवाचा चेहरा बसवला. आणि मूळ आवाजाची कच्ची कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरली.

"तवा ते लई झ्याक वाटलं हुतं मला," चाचा म्हणाले.

मग कॅसेट बघायला सगळी जमली. भाड्याचा टीव्ही, पुढच्या रांगेत मानाने बसवलेले आबा. पडद्यावर आबांचं तोंड हलायला लागलं आणि आतून सिनेमातली बाई गायला लागली. सगळं घर हसलं. आबाही हसले, आणि म्हणाले, "चाचा, त्वांड माजं, आन गळा कुनाचा रं?"

त्यानंतर कुठल्याही लग्नात चाचांनी कॅमेरा लावला की आबा घोंगडीचं टोक तोंडावर धरायचे. एकदा नाही, दरवेळी. चाचांनी ओळखलं, माणूस दुखावला. माफी मागायची हिंमत झाली नाही. आबा गेले तेव्हा मातीलाही चाचा गेले नाहीत. "कुटल्या त्वांडानं जाऊ? गळा तर मी पुसलेला," असं म्हणून त्यांनी ताट बाजूला सारलं.

बागायतदाराच्या कपाटावरून ती कॅसेट आम्ही आणली. बुरशीने पांढरी झालेली. चाचांच्या दुकानात तीन व्हीसीआर होते: थोरला, मधला आणि धाकटा. थोरला समजूतदार, मधला कामापुरता, धाकटा तापट. खराब कॅसेट थोरल्यालाच द्यायची, असा नेम. "धाकट्यात घातली तर फीत चावंल त्यो," असं ते माणसाबद्दल सांगावं तसं सांगत. त्यांनी स्क्रू काढून कॅसेट उघडली, मऊ कापडाच्या चिमटीतून हाताने फीत फिरवायला सुरुवात केली. मी म्हटलं, वेळ लागेल. म्हणाले, "लागंना का. आमी ह्येला बिघडवायला एक दिस लावला, सुदरायला आट दिस लागनारच की." मला कामात घाई सुटत नाही, हे माझं मलाही माहीत आहे. त्या आठ दिवसांत मी फक्त बसून राहायला शिकले.

चित्र कॉम्प्युटरवर आलं. आता माझी पाळी. माझ्याकडे एक नवं सॉफ्टवेअर होतं. अंधूक चित्र दिलं की आपल्या अकलेने भर घालून चकचकीत करून देतं. मी आबांना त्यातून काढलं आणि मोठ्या तोऱ्यात चाचांना बारामतीला बोलावून दाखवलं. चाचा खुर्चीत पुढे सरकले. बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो कोन?"

"आबा!"

"आबाला दात कुनी बशिवले?"

मी बघितलं. आबांचे वरचे दोन दात मेंढ्याच्या धडकेत गेले होते. माझ्या हुशार सॉफ्टवेअरने ती फट भरून अख्खी बत्तिशी बसवली होती. खांद्यावरच्या घोंगडीचं तर सोफ्याचं कापड झालं होतं. "ह्यो ब्यांकेतला सायब वाटतोय. ह्यो ओवी न्हाय म्हनायचा, अर्ज भर म्हनायचा," चाचा म्हणाले. मी हसले, पण शरमलेही. मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे मी आता माझ्या कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवून ठेवलं आहे: "चेहरा धुवायचा पोरी, बदलायचा न्हाय." मी सगळं पुसून पहिल्यापासून धुवायला बसले. बुरशीचे ठिपके एकेक करून काढले, थरथर थांबवली, उडालेला रंग जागेवर आणला. नवरदेवाचं कमळ मात्र आत इतकं मुरलं होतं की निघेना. ते राहू दिलं. ढोल असलेला तेवढा तुकडा सोडून बाकीचं चित्र स्वच्छ झालं.

पुण्याच्या साहेबांचा फोन आला. जुनं चित्र चौकोनी, आताचा पडदा आडवा. तेव्हा वरून-खालून कापून पडदाभर करा, किंवा ताणून घ्या, असं त्यांचं म्हणणं. ताणलं तर आबा मळणीच्या पोत्याएवढे रुंद दिसत. कापलं तर खाली बसलेला झीलकरी, म्हणजे आबांच्या मागे सूर धरणारा माणूस, नाकापर्यंत उडत होता. फोन स्पीकरवर होता. चाचा मध्येच म्हणाले, "सायेब, झीलकऱ्याला कापलं तर सूर कोन धरनार? तुमी?" साहेब हसले आणि चित्र चौकोनी राहिलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून.

राहिला गळा. तो नसेल तर हे सगळं धुणं म्हणजे मुक्या माणसाला आंघोळ घातल्यासारखं होतं. शिवाय आबांच्या घरच्यांची परवानगी हवी होती. आबांच्या पत्नी पारूआजी वस्तीवरच राहत होत्या. चाचांना चला म्हटलं की थोरला व्हीसीआर आजारी पडायचा, गुडघा धरायचा, सोलापूरहून पाहुणे यायचे. शेवटी एका सकाळी मी स्कूटी थेट दुकानाच्या पायरीला लावली आणि म्हटलं, "तुम्ही नाही आलात तर मी त्या आजींना सांगणार, की चाचांनी तुमच्या मालकांना दात बसवलेत." चाचा निमूट मागे बसले.

उन्हाळा होता. धरणाचं पाणी उतरलेलं, लांब जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलेलं. वस्तीवर पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. पारूआजींनी चाचांना ओळखलं की नाही, ते लगेच कळेना. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मी कागद काढला, बोलायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं, की चाचांची मान खाली आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरात हा माणूस वर बघत नव्हता. बशीतल्या चहाकडे बघत होता.

म्हणून मी बघितलं. हिरवं लोखंडी कपाट, वर दोन गोधड्या, त्यांच्या आड बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"आजी, त्या डब्यात काय आहे?"

"त्यात व्हय? ती टेप हाय," आजी सहज म्हणाल्या. "त्या बागायतदाराच्या लग्नात स्पीकरवाल्यानं ह्यांच्या वव्या भरून घेतल्या हुत्या. ह्यांना दिली. पन आमच्याकडं वाजवायला कुटं काय हुतं? हे म्हनायचे, ठेव. चाचा आला की त्येला दे. त्येचं आर्दं काम ऱ्हायलंय."

चाचांनी बशी खाली ठेवली. आणि पहिल्यांदा मान वर केली.

"भाबी," ते म्हणाले, "आबा माज्यावर रागावलं न्हवतं?"

"राग? कशाचा?"

"मी कॅमेरा लावला की त्वांड झाकायचे ते."

पारूआजी आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या, त्या थांबेनात. "आवं, ते दातामुळं! टीवीत सोताला बगितलं आन घरी येऊन मला म्हनले, पारू, माजी फट एवडी दिसती व्हय गं? तवापास्नं झाकायचे. आन त्ये बाईच्या गळ्याचं तर गावभर सांगायचे हसून हसून. म्हनायचे, चाचानं मला हिरवीन केली!"

इतकी वर्षं उरात धरलेलं ओझं असं दोन दातांच्या फटीतून निघून गेलं. चाचा हसायला लागले, हसता हसता त्यांना ठसका लागला, ठसक्यातच ते रडले, आणि आजींनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. मीही रडले. शेळ्या दारातून आत डोकावून बघत होत्या.

आजींनी डबा काढून चाचांच्या हातात दिला. आत त्याच ओव्यांची कॅसेट होती, ऑडिओची, जुन्या कागदात नीट गुंडाळलेली.

पण आवाज आणि चित्र एकमेकांना सापडायला हवेत ना! स्पीकरवाल्याचा टेप तेव्हा मंद चालला असणार, त्यामुळे आता आबांचा गळा शाळकरी मुलीसारखा बारीक आणि पळता ऐकू यायचा. मी आकडे लावून वेग कमी करत होते. चाचांनी डोळे मिटले आणि स्पीकरवर तळहात ठेवला. "आजून चडलाय… आजून… जरा मागं… हां. आता कातडं बोललं." ढोल ढोलासारखा वाजला, आणि आबांचा गळा खाली उतरून आपल्या जागी बसला. खरखरीत, उघडा, रानातून हाळी दिल्यासारखा.

तरी कुठला शब्द कुठल्या हलत्या ओठावर, हे जुळेना. दुसऱ्या दिवशी कॅसेटवर मध्येच प्रचंड आवाज आला: खळ्ळ! चाचा उभे राहिले. "ताटं! वाडप्यानं ताटांची चवड पाडली हुती! गव्हाची खीर हुती त्या लग्नात!" आम्ही चित्र पुढे-मागे केलं. सापडलं. मागच्या बाजूला एक पोऱ्या स्टीलच्या ताटांची चवड घेऊन चाललाय, घसरतो, आणि सगळ्या मांडवाच्या माना एकदम वळतात. आवाजातला खळ्ळ आणि चित्रातली ताटं मी एकावर एक ठेवली, आणि आबांच्या तोंडात आबांचा गळा बसला. ताटं पडल्यावर आबा न थांबता ओवीतच म्हणतात:

"ताटं पडली मांडवात, दचकली वरमाई,
भुकेल्याच्या पंगतीला उशीर चालत न्हाई."

मी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. ओवीच्या मध्येच कुणीतरी माइकच्या जवळ जोरात ओरडत होतं: "ओ आबा! हिकडं बघा की! जरा वर!"

"त्यो मदी वरडनारा मानूस काडून टाक," चाचा म्हणाले.

"अहो, तो तुम्हीच आहात!"

"म्हनूनच म्हनतोय, काड. गान्यात शूटिंगवाल्याचं काय काम?"

"चेहरा धुवायचा, बदलायचा नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"त्यो नेम आबाला. मला न्हाय."

मी वाद घातला नाही. आवाज काढणं अवघड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ओवी त्यामुळे स्वच्छ झाली. पुण्याचे साहेबही खूश.

पट सगळ्यांत आधी दाखवला तो वस्तीवर, पारूआजींच्या अंगणात. दिवस मावळला तसा गोठ्याच्या भिंतीवर पांढरा कपडा ताणला. माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "बाजूला काळं कशापायी?" चाचा पुढच्या रांगेतून म्हणाले, "तितं भिताड हाय. आपन दारातनं बघतोय." हे उत्तर सगळ्यांना पटलं. साहेबांना द्यायला मला इतकं चांगलं उत्तर सुचलं नव्हतं. मग आबा आले. आजी पुढे सरकल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "दात न्हाईत. म्हंजी ह्येच." आबा गायला लागल्यावर अंगणात शेळीसुद्धा ओरडली नाही. ओवीच्या मध्ये आबा एकदम मान वर करतात आणि फट दाखवून हसतात. आजींनी शेजारी बसलेल्या चाचांना हळूच विचारलं, "हे मदीच कुनाकडं बगून हसत्यात?"

"आसंल कुनीतरी," चाचा म्हणाले.

त्यानंतर पुढच्या गाळपाच्या हंगामात चाचा गेले. दुपारी जेवून थोरल्या व्हीसीआरशेजारी आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी भिगवणला गेले तर दुकानाबाहेर माणसं मावत नव्हती. ज्यांची लग्नं चाचांनी टिपली, ती जोडपी आली होती. एकमेकांना सांगत होती, आमच्या लग्नात काय जेवण होतं ते.

चाळीस दिवस झाल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, अब्बांचं एखादं चित्रण असंल का तुमच्याकडं? न्हायतर नुसता आवाज?" मी हो म्हणाले आणि शोधायला लागले. नव्हतं. सगळा तालुका ज्यांनी टिपला, त्यांना टिपायला कुणी नव्हतं. मुलाने घरच्या कॅसेटी पाठवल्या. कॅमेऱ्यामागे चाचा किती बोलले असतील, "हसा की", "पदर नीट घ्या", "मामा, सरका". पण सगळ्यांवर त्यांनीच सिनेमाची गाणी चढवलेली. मी त्या संध्याकाळी फार वैतागले. मोबाइलवर कुत्र्या-मांजरांचे व्हिडिओ काढणारी मी, दोन महिने मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचा एक फोटोसुद्धा काढला नव्हता.

मग आठवलं. मी आबांचं जुनं काम उघडलं. ओवीतून काढून टाकलेला तो ओरडणारा आवाज मी फेकला नव्हता, बाजूला बंद करून ठेवला होता. त्याची एक प्रत मुलाला पाठवली. आणि पुण्याच्या साहेबांना फोन करून सांगितलं, की पटात एक बदल करायचा आहे. ते म्हणाले, आता? मी म्हटलं, आता. चाचांचा नेम मी चाचांनाही लावला.

हल्ली मीही कुणाच्या घरी गेले की आधी कपाटावर बघते. आई म्हणते, बरं दिसत नाही. मी सोडणार नाही.

नवी प्रत घेऊन पारूआजींकडे गेले. लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात, खाटेवर ठेवला. आबांची ओवी सुरू झाली, ताटं पडली, वरमाई दचकली. आणि मग चाचांचा तरणा, खणखणीत आवाज आला: "ओ आबा! हिकडं बघा की! जरा वर!"

आबांनी मान वर केली, दोन दातांची फट उघडी टाकून हसले.

आजींनी माझा हात धरला. "ह्यो तर चाचा!" त्या म्हणाल्या. मग पुन्हा पडद्याकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजी चाचाकडं बगून हसत हुते व्हय."